उसन्या खुणेचा दगड

मी दगड बोलतोय. हसू नका. तोंड उघडायच्या वेळी माणसांनी मूग गिळले, म्हणून ही पाळी माझ्यावर आली.

मी डोंगराच्या पोटातला पांढरा दगड. सुरुंग लावून मला बाहेर काढलं, कापलं, घासून गुळगुळीत केलं. पाथरवटानं माझ्यावर एक नाव कोरलं, खाली ‘वैमानिक, वय बावीस’ आणि वर मधोमध एक क्रूस. त्याचा हात साफ होता. आपण झकास दिसतोय, असं मला वाटलं. मग मला युद्धात पडलेल्यांच्या कबरस्तानात नेऊन त्या तरुणाच्या उशाशी उभं केलं.

पहिल्यांदा त्याचे वडील आणि थोरली बहीण आले. वडिलांच्या हातात प्रार्थनेचं छोटं पुस्तक होतं. त्यांनी मला पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

“चल पोरी. हा आपला धाकटा नव्हे.”

“बाबा, नाव त्याचंच आहे.”

“नाव त्याचं, पण खूण कुणाची?”

प्रार्थना त्यांच्या ओठांतच राहिली. वडील पुन्हा कधी आले नाहीत.

हळूहळू मला सगळं कळलं. पोरगा यहुदी होता. बॉम्बफेकी विमान चालवायचा. ज्यांच्याशी लढाई होती ते यहुद्यांना वेचून वेचून मारत होते. वरिष्ठांनीच त्याला बजावलं होतं, “विमान पडलं आणि जिवंत सापडलास, तर गळ्यातला बिल्लाच तुझा जीव घेईल. त्यावरचा धर्म बदलून घे.” त्यानं बदलला. शत्रूला चकवायला घेतलेलं ते सोंग होतं, आणि आपल्याच माणसांनी ते त्याच्या डोक्याशी कायमचं ठोकून दिलं! क्रूसाचा काही दोष नाही. शेजारच्या कबरीवर तो शोभतो, कारण तिथला मुलगा त्याच धर्माचा. माझ्यावरचा मात्र उसना होता. काळ्या दगडावरची रेघ खरी म्हणतात ना? माझ्यावरची धडधडीत खोटी होती, आणि ती मिरवताना मला चीड यायची.

बहीण दर वर्षी यायची. फुलं आणायची नाही. एक खडा उचलून माझ्या डोक्यावर ठेवायची.

“हे काय, बाई?” माळ्यानं विचारलं.

“आमच्यात असंच करतात, दादा. मी येऊन गेले, एवढं त्याला कळावं म्हणून.”

माळ्यानं मान डोलावली. तिची पाठ वळताच झाडू फिरवला आणि खडा खाली. दगडावर कचरा नको म्हणे! तो तरी काय करणार? साहेबांना सगळ्या रांगा एकसारख्या स्वच्छ हव्या असायच्या.

तेच साहेब एकदा तपासणीला आले तेव्हा बहिणीनं त्यांना माझ्यासमोर गाठलं.

“बाई, बिल्ल्यावर जो धर्म, तोच दगडावर. नियम आहे.”

“तुम्हीच सांगितलंत म्हणून त्यानं बिल्ला बदलला, साहेब.”

“माझ्या वेळचं नाही ते.”

झालं, हात झटकून मोकळे. पुढचे साहेब आले, त्यांनी मागच्यांकडे बोट दाखवलं. दगडालाही पाझर फुटतो म्हणतात, पण या खुर्चीला कधी फुटला नाही. बहिणीचे केस पिकले, हातात काठी आली. तिचं मागणं मात्र एकच होतं. बाबांची राहिलेली प्रार्थना म्हणायची, पण त्याच्या स्वतःच्या खुणेसमोर.

शेवटी तिनं त्या विमानातून वाचलेला एक सोबती हुडकून काढला. तो लंगडत आला, मला पाहून थबकला आणि तपासणीला आलेल्या नव्या साहेबांकडे वळला.

“उड्डाणाआधी तो रोज त्याच्या प्रार्थनेचे शब्द पुटपुटायचा. विमान पेटलं, तेव्हा आम्हाला म्हणाला, मारा उड्या, मी धरून ठेवतो. आम्ही मारल्या. तो धरून बसला.”

“मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?” साहेबांनी विचारलं.

“तुमच्यापैकी कुणी विचारलंच नाही.”

साहेबांनी त्याची साक्ष तिथेच लिहून घेतली. पुढच्या खेपेला नवा दगड आला, त्यावर यहुद्यांचा सहा टोकांचा तारा होता. मला उपटून भिंतीमागे नेलं आणि घण घातला. खोटी खूण उरू नये असा रिवाज आहे, आणि तो मला मान्य आहे. खरं सांगतो, मला दुखलं नाही. सुटलो एकदाचा.

बहीण काठी टेकत भिंतीमागे आली. माझ्या ढिगात वाकून तिनं एक तुकडा उचलला, ज्यावर काहीच कोरलेलं नव्हतं असा.

“इतकी वर्षं यानंच त्याला सोबत केली,” ती सोबत्याला म्हणाली.

मग नव्या दगडासमोर उभं राहून तिनं बाबांच्या पुस्तकातून प्रार्थना म्हटली, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. आणि मला त्या दगडाच्या डोक्यावर ठेवलं.

आता ती येत नाही. थकली असेल, किंवा गेली असेल. मी इथेच आहे, तिच्या वतीनं, मुठीत मावेल एवढा खडा. माळीदादा, तुमच्या पाया पडतो, इथे झाडू फिरवू नका. हा कचरा नाही. त्याची ताई येऊन गेली आहे.