एकतीस मार्कांची गल्ली

नागनाथ गुरुजींनी बत्तीस वर्षं पोरांचे पेपर तपासले. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी परभणी शहर तपासायला घेतलं.

निमित्त बायकोच्या, सुलाबाईच्या, गुडघ्यांचं. दर आठवड्याला बोरीहून एसटीनं परभणीच्या दवाखान्यात जायचं, त्यापेक्षा तिथंच घर घ्या, असं पुण्यातल्या पोरानं, सुगतनं, फोनवर सांगितलं. गुरुजी तर याच वाक्याची वाट बघत होते. फोन ठेवला तसा त्यांनी मोठा कागद काढला आणि लाल पेनानं रकाने आखले. पाण्याला वीस मार्क, दवाखान्याला वीस, रस्त्याला पंधरा, शांततेला दहा, असं करत शंभर भरले. पास पस्तीसला. शेवटी एक रकाना आखला आणि त्याच्यावर काहीच लिहिलं नाही, नुसता एक ठिपका दिला.

"ह्यो ठिपका कशाचा?" सुलाबाईनं विचारलं.

"तो माझा हाय. त्याला मार्क न्हाईत," गुरुजी म्हणाले.

सुलाबाईची अट मात्र एकच होती. "जिथं शेजारीण न्हाई, तिथं म्या न्हाई. तुमी राहा एकले, पेपर तपासत."

ही पोकळ धमकी नव्हती. नणंदेच्या घरी पाय ठेवणार नाही असं ती एकदा म्हणाली होती, आणि अकरा वर्षं ठेवला नव्हता. गुरुजींना तर साधा चहा करता येत नव्हता, आणि खरं सांगायचं तर चहापेक्षाही तिच्या कटकटीशिवाय त्यांना करमत नव्हतं. तेव्हा घर सापडायला हवं होतं आणि त्यात सुलाबाईही यायला हवी होती.

लिंबाजी नावाचा दलाल त्यांना फिरवू लागला. गुरुजी काठीनं नालीची खोली मोजत, रस्त्यावरून पावलं मोजत चालत. सुलाबाई मात्र पिशवीतून एक स्टीलची डबी काढायची आणि शेजारच्या घराची कडी वाजवायची.

"बाई, जरासं इरजण मिळंल का?"

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "आगं, घर घ्यायला आलाव का मागायला?"

"इरजण देताना माणूस कळतं," ती म्हणायची. "तुमी नाल्या बघा."

वसमत रोडच्या ऐश्वर्य नगरात गुरुजींचं भान हरपलं. सिमेंटचा रस्ता, एक दिवसाआड नळ, दवाखाना हाकेच्या अंतरावर. शंभरपैकी ब्याण्णव! उभ्या नोकरीत त्यांनी कुणाला एवढे दिले नव्हते. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. दारातल्या बाई गोड हसल्या, गाव विचारलं आणि मग म्हणाल्या, "आडनाव काय म्हणालात?"

सुलाबाईनं सांगितलं. बाईंचं हसू तसंच राहिलं, दार मात्र अर्ध्यावर आलं. "अय्या, आज दहीच नाही लावलं हो."

आत कुणीतरी घुसर घुसर ताक घुसळत होतं, हे गेटपाशी उभ्या गुरुजींनाही ऐकू आलं.

पस्तीस वर्षांपूर्वी ते डी.एड.ला होते तेव्हा याच शहरात एक खोली पसंत पडली होती. घरमालकानं चहा दिला आणि मग आडनाव विचारलं. चहा अर्धा व्हायच्या आत खोली पाहुण्यांना देऊन झाली होती. तो उरलेला अर्धा कप गुरुजींच्या घशात अजून अडकलेला होता. त्यांनी ठिपक्याच्या रकान्यात फुली मारली, पण पेन तसंच धरून म्हणाले, "घ्यायचं. ह्याच लोकांच्या नाकावर टिच्चून राहायचं."

"तुमी राहा टिच्चून. म्या दुसऱ्याच्या नाकावर किती दिस बसू?" सुलाबाई म्हणाली आणि चालायला लागली.

दोनतीन कॉलन्या आणखी झाल्या. मार्क कमीजास्त, ठिपक्याखाली फुली मात्र ठरलेली. शेवटी लिंबाजीनं कंटाळून धान्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीतलं एक घर दाखवलं. पाणी दहा दिवसांनी, म्हणजे विसापैकी चार. रस्त्याचा रस्ता व्हायचा होता. शेजारीच पिठाची गिरणी, म्हणून शांततेला भोपळा. बेरीज एकतीस. नापास! घर पारूबाई नावाच्या बाईच्या दिराचं होतं. दीर नांदेडला असायचा. चावी, बोलणी, इसाराची आगाऊ रक्कम घेणं, सगळं पारूबाईकडं होतं आणि पारूबाई त्याच भिंतीला लागून राहायच्या.

सुलाबाईनं डबी पुढं केली. पारूबाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. "एवढ्याशा डबीत काय देऊ? मुंगीला पुरंल का ते?" आत जाऊन त्यांनी काठोकाठ भरलेला पितळी कटोराच आणला. "घ्या. उद्या कटोरा आणून द्या."

"आवो, आमी बोरीचे."

"मग परवा द्या."

परतीच्या एसटीत सुलाबाई कटोरा मांडीवर धरून बसली आणि जिंतूर रोडच्या प्रत्येक खड्ड्याला गुरुजींच्या पँटवर दही सांडत राहिलं. त्यांनी मनातल्या मनात गल्लीचे आणखी दोन मार्क कापले.

खरी पंचाईत पुढं झाली. दुसऱ्याचं भांडं ठेवून घेता येत नाही, आणि रिकामं तर परत करताच येत नाही. सुलाबाईनं कटोऱ्यात जवसाची चटणी भरली आणि गुरुजींना एसटीत बसवलं. पारूबाईंनी कटोरा रिकामा केला आणि आपल्या डब्यात धपाटे भरून दिले. आता तो डबा परत करणं आलं. तो करडईची भाजी घेऊन गेला, तर पारूबाईंचा चरवीभर खरवस बोरीला आला. तिसऱ्या आठवड्यात कुठलं भांडं कुणाचं हे कुणालाच सांगता येईना. कंडक्टर तिकीट फाडायच्या आधी विचारायचा, "गुरुजी, आज काय हाय?"

याच धांदलीत गुरुजींचा मार्कांचा कागद हरवला. त्यांनी घर पालथं घातलं.

"डब्याला तेल सुटायलं व्हतं, कुठलातरी कागद गुंडाळला बाई म्या," सुलाबाई भोळेपणानं म्हणाली. ती चौथी शिकलेली होती आणि तिला चांगलं वाचता येत होतं, एवढंच इथं सांगतो.

गुरुजींनी मग इरेलाच पेटायचं ठरवलं. सोमवारी ऐश्वर्य नगरचा इसार देतो, असं लिंबाजीला सांगून टाकलं. सोमवारी सकाळी सुलाबाईनं फक्त त्यांच्या हातात डबा दिला. "जाता जाता पारूबाईला द्या. शेवटचाच."

रात्री एकट्यानं खिचडी कशी करायची याचा विचार करतच गुरुजी मोंढ्यामागं पोचले.

गल्लीत एक नवरा-बायको घर बघायला आलेले होते आणि पारूबाई ओट्यावर उभ्या राहून तेलकट कागद हातात धरून वाचत होत्या.

"पाणी धा दिसाला. विसात चार! रस्ता, पंधरात दोन! शांतता, भोपळा! म्या न्हाई म्हणत, बोरीचे गुरुजी म्हणतेत. बत्तीस वर्सं पेपर तपासलेत त्यायनी. आन् ह्या वसमत रोडला बगा, ब्याण्णव मार्क! तिकडं जावा, लय चांगलं हाय."

नवरा-बायको निमूटपणे मोटारसायकलवर बसले आणि गेले. वळून बघितलं तर पारूबाईंना डबा धरलेले गुरुजी दिसले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं गुरुजींना झालं.

"या गुरुजी! तुमच्या कागदानं आजपस्तोर चार गिऱ्हाइकं पळवली," पारूबाई खुशीत म्हणाल्या. "घर सुलाबाईसाठी ठिवलंय म्या. मार्काचा राग न्हाई बगा, शांततेला तर म्या वजाच दिले असते. पर ह्यो ठिपका कशाचा? सगळ्यायफुडं फुली हाय, आमच्याफुडं कायबी न्हाई."

गुरुजी खाली बघत म्हणाले, "शेजाऱ्यानं आडनाव इचारलं का, त्याचा."

पारूबाईंनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "इचारायचं काय त्यात? सुलाबाईच्या गळ्यात बुद्धाचं पदक हाय. मला डोळे हायेत की. पहिल्या दिशीच बघितलं, आन् मंग कटोरा भरला."

गुरुजींना रडू आलं आणि ते आलं म्हणून रागही आला. पस्तीस वर्षांचा अर्धा कप कुठंतरी खाली उतरला.

"पीठ लय उडायलंय," ते डोळे पुसत म्हणाले. गिरणी तेव्हा लाईट नसल्यामुळं बंद होती.

पारूबाईंनी डबा आत नेला, रिकामा केला, धुतला आणि झाकण लावून परत आणला. "दिराचा फोन आला तर सांगते, चावी घावंना. पाचव्या गिऱ्हाइकाला कुठून दाखवू घर?"

गुरुजी वसमत रोडला गेलेच नाहीत. सगळ्या वाटेनं डबा खुळखुळत होता आणि आत काय आहे हे कंडक्टरलाही ओळखता आलं नाही. घरी सुलाबाईनं झाकण काढलं. आत सुतळी बांधलेली चावी होती आणि तिच्याखाली तो तेलकट कागद.

सुलाबाईनं कागद नवऱ्यापुढं सरकवला. गुरुजींनी लाल पेन काढलं. बत्तीस वर्षांत कुणाला एक ग्रेस मार्क न देणाऱ्या माणसानं एकतिसापुढं अधिक चार लिहिलं आणि खाली सही केली.

सुलाबाईनं पदरानं डोळे टिपले, डबा उचलला आणि सवयीनं फडताळाकडं वळली. "आता ह्याच्यात काय घालून द्यावं बाई?"

"इसार घाल," गुरुजी म्हणाले.