शेड नंबर चारचा पुरावा

उदय चिडला होता, आणि का चिडू नये? एकोणीस वर्षं तो शहराबाहेरच्या क्षेपणास्त्रांच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली राबला. कायम करा म्हणून सगळ्यांनी संप केला, तर सरकारने संपावरच बंदी घातली आणि कारखान्याने त्याचा गेटपास काढून घेतला. पास नाही म्हणजे काम नाही.

आज शहरात, आबिड्स भागातल्या कामगार कार्यालयात समेटाची बैठक होती. समेट कसला, डोंबल! समोर कारखान्याचे सारंगसाहेब, पुण्याहून बदलून आलेले, शर्टाची इस्त्रीही न मोडता बसलेले. मध्ये सरकारच्या समेट अधिकारी सुजाता मॅडम, सारख्या घड्याळाकडे बघत.

"हा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच," सारंगसाहेब म्हणाले.

"एकोणीस वर्षं, साहेब! थोडी तरी लाज बाळगा!"

"आवाज खाली," मॅडम म्हणाल्या. "पुरावा आहे? तुम्ही आत कामाला होतात हे सिद्ध करा, पास परत द्यायचा शेरा मी आजच मारते."

पुरावा आणायचा कुठून? आतला कागद गेटबाहेर न्यायचा नाही, मोबाईल गेटवरच जमा. हजेरीचं रजिस्टर सारंगसाहेबांच्या कपाटात, आणि ते म्हणे गोपनीय! आत काय चालतं हे उदयने सख्ख्या बायकोला, रेणूलाही कधी सांगितलं नव्हतं. एकदा हात पोळून अंबरपेठच्या घरी गेला, तेव्हा चहा सांडला म्हणाला होता.

"बघा, मॅडम, पुरावाच नाही," सारंगसाहेब हसले. "बाहेर कुठेतरी गवत कापत असेल."

गवत! उदयच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हौ का? मग ऐका! शेड नंबर चारमध्ये इंधनाचं मिश्रण साच्यात कोण ओततं? मी!"

किती गरम ठेवतात, किती तास ढवळतात, साच्याला आतून काय फासतात, सगळं तो बोलत सुटला. एकोणीस वर्षं दाबून ठेवलेलं भडाभडा बाहेर पडलं. सारंगसाहेबांनी एकदाही अडवलं नाही. टेबलावर त्यांचा मोबाईल रेकॉर्डिंग करत होता.

"झालं?" त्यांनी मोबाईल उचलला. "मॅडम, यातला शब्द न् शब्द गोपनीय आहे. याने तो चारचौघांत फोडला."

"पण मॅडम, तुम्हीच म्हणालात ना सिद्ध करा!"

मॅडमनी फाईल मिटली. "आता हे माझ्या हातात राहिलं नाही."

संध्याकाळी पोलीस ठाण्यात फौजदाराने कारखान्याची तक्रार वाचून दाखवली. "सदर इसम एकोणीस वर्षे शेड क्रमांक चारमध्ये कामास असून..."

उदय ताडकन उठला. "थांबा, साहेब. खाली सही कुणाची?"

"सारंगसाहेबांची. शिक्काही आहे."

"याची एक झेरॉक्स द्या ना, साहेब," उदय म्हणाला. "मॅडमना दाखवायचीय."