न्हाय म्हणायची तालीम

आमच्या वसंतशेठनं कचऱ्याला कुलूप लावलं हुतं. आता तुमीच सांगा, रिकाम्या बाटल्या, फाटक्या चपला अन् दुधाच्या पिशव्या कोण मेला चोरतोय? पर शेठ म्हणायचे, "हरणाबाई, चोर लई माजलेत." अन् फाटकाला बाहेरून कुलूप घालून घरी जायचे. म्हंजी चोर मोकळे अन् आमी आत.

शहरातला कचरा घंटागाडीवाली कंपनी गोळा करती. त्यातलं प्लॅस्टिक निवडायचा ठेका वसंतशेठकडं. त्यांच्या पत्र्याच्या शेडात आमी चौघं: म्या, सिताबाई, तिचा नवरा बलभीम अन् इरम्मा. ऱ्हायाला शेडामागच्या खोल्या. कामाला लागताना उचल घेतली, त्याच दिशी शेठनं आमची आधार कार्डं मागून घेतली. "हरवाल बाबांनो, माझ्या कपाटात असू द्या." त्याला दोन वर्सं झाली. येणाऱ्याजाणाऱ्याला शेठ सांगायचे, "पोटच्या लेकरागत सांभाळतो ह्यांना." व्हय की! लेकरागतच. बाजारात जायाचं तरी तोंडाकडं बघत उभं ऱ्हायाचं.

त्या वक्ताला माझा जीव निराळ्याच गोष्टीनं टांगणीला लागला हुता. माझी एकुलती एक लेक शिवरंजनी उमरग्याला दिलेली, तिला नववा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतंय. अन् हिचं माहेर कुठं? गावाकडं बेंबळीचं घर बंद अन् आय कुलपात. तीनदा सुट्टी मागितली. शेठ म्हणायचे, "जाशील की, एवढा माल निघू दे." कचऱ्याचा माल कधी संपलाय व्हय? सगळं गाव खायाचं थांबलं तरच संपंल. तिकडं लेकीची सासू फोनवर विचारायची, "हिला आय हाय का न्हाय?" काळजाला घरं पडायची माझ्या.

अशात एक दिवस शेठ घाम पुसत आले. कंपनीची मॅडम पुण्याहून येणार हुती. कंपनीनं नवा नेम काढला हुता: आपल्याकडं अन् आपल्या ठेकेदारांकडं कुणाला वेठीला तर धरलेलं न्हाय ना, ते कामगारांनाच विचारायचं. शेठनं लगीच दुसऱ्या एका ठेकेदाराला फोन लावला. त्याच्याकडं गेल्या साली विचारलेलं हुतं: मारतात का, शिव्या देतात का, कोंडतात का, जबरीनं राबवतात का. फोन ठेवला अन् शेठ खुलले.

"अगं, लई सोप्पं हाय! सगळ्याला एकच जबाब. मॅडम काहीबी विचारू दे, न्हाय म्हणायचं अन् गप बसायचं."

दोन दिवस तालीम चालली. शेठ पायावर पाय टाकून मॅडम व्हायचे अन् विचारायचे, "तुम्हाला मारतात का?" आमी पाडे म्हणल्यागत एका सुरात, "न्हाय!" इरम्मा कन्नड मुलखातली, तिच्या तोंडातून "इल्ला" निघायचं, की शेठ कपाळ बडवून घ्यायचे. बलभीमला लांबण लावायची खोड. "न्हाय, म्हंजी परवा ढकललं तेवढंच." शेठ कडाडले, "नुसतं न्हाय!" त्यानं ते इतकं मनावर घेतलं, की सिताबाईनं भाकर वाढू का विचारलं तरी न्हाय म्हणला अन् उपाशी झोपला.

मॅडम आली. देवश्री नाव, चष्म्यातली पोरगी, आवाज मऊ. शेठला म्हणाली, "तुम्ही जरा लांब बसा." शेठ दारात खुर्ची टाकून बसले, कान आमच्याकडं.

मॅडमनं बलभीमला विचारलं, "दादा, नाव काय तुमचं?"

"न्हाय."

मॅडमनं नाव सोडून दिलं. मग कागद काढला.

"तुमची आधार कार्डं तुमच्याकडेच असतात ना?"

"न्हाय!" तिघं एका दमात, अन् इरम्माचं "इल्ला".

"आठवड्याची सुट्टी मिळते?"

"न्हाय!"

शेठ खोकले. आमाला वाटलं, आवाज पोचंना व्हय.

"काम सोडून घरी जाता येतं?"

"न्हाय!!" पत्रे दणाणले.

शेठ उठले, बसले, परत उठले. तिसऱ्या सवालाला माझ्या ध्यानात आलं, पोरीनं औंदा सवाल उलटे आणलेत. तरी म्या थांबले न्हाय. दोन वर्सांत पहिल्यांदाच शेठचा हुकूम पाळताना ग्वाड वाटत हुतं.

"रात्री फाटकाची किल्ली तुमच्यापाशी असते?"

"न्हाय!"

शेठ पळतच आले. "मॅडम, अडाणी माणसं हाईत! पाठ केलेलं बडबडतात."

"कुणी पाठ करून घेतलं?" मॅडमनं विचारलं. शेठनं जीभ चावली.

मॅडमनं त्यांना फाटकाबाहेर काढलं अन् माझ्याम्होरं उकिडवी बसली. "मावशी, तुम्हाला कुठं जायचंय का?"

शेठ गजांतून डोळे वटारून बघत हुते. पाठ केलेलं न्हाय माझ्या जिभंवर येऊन बसलं. आतापत्तोर त्यानं खरं सांगितलं हुतं, आता तेच निघालं असतं तर लेक माझी तिकडंच ऱ्हायली असती.

"व्हय," म्या म्हणले. "उमरग्याला. लेक नवव्यात हाय माझी. तिला माहेरी न्यायचंय. आत्ताच्या आत्ता." अन् जे रडू फुटलं, ते थांबंना.

मॅडमचा मऊ आवाज गेला कुठं, काय ठावं. "शेठ, कपाट उघडा." कार्डं हातात आली. उचलीपायी माणूस अडकवला तर कायद्यानं ती उचलच मिटती, हे तिनं शेठला आमच्याम्होरं सांगितलं. तहसीलदाराला अर्ज जाणार हुता, अन् फाटकाचं कुलूप निघंस्तवर कंपनीचा माल बंद.

शेठ रडवेले झाले. "पोटच्या लेकरागत सांभाळलं रं! हरणाबाई चालली, तुमी तरी थांबताय ना?"

तिघं एका सुरात, "न्हाय!"

अन् इरम्मासुद्धा न्हायच म्हणाली. तालीम फुकट गेली न्हाय.

तिसऱ्या दिशी लेकीला घेऊन बेंबळीला आले. घर झाडलं, चूल पेटवली, तिला आंबट वरण पाहिजे हुतं ते टाकलं. शिवरंजनी भिंतीला टेकून बसली, पोटावर हात. म्हणाली, "आये, किती दिस ऱ्हाशील माझ्यापाशी?"

"शेठला विचारून सांगते," म्या म्हणून गेले.

वरण उतू चाललं तरी मला हलवंना. मंग डोळे पुसले, भांडं उतरवलं अन् तिला सांगितलं, "तू हाकलून देस्तवर."