हंबीररावांची दवंडी

हंबीररावांनी मेसेज पुन्हा एकदा वाचला, घसा खाकरला आणि पाठवून दिला.

‘कळंबा येथील श्री. जोतीराम बाळासो चौगुले, दूध संस्थेचे सचिव, यांस कळविण्यात येते की, आपल्या गोठवलेल्या खात्याबाबत पोलिसांना द्यावयाचे उत्तर तयार आहे. आज संध्याकाळपर्यंत सही न केल्यास मुदत टळेल.’

झालं! उभी हयात कोर्टाचा बेलीफ म्हणून गेलेला माणूस. लोकांच्या दारात समन्स वाचायचं, जप्तीची नोटीस भिंतीला डकवायची आणि पक्षकार सापडलाच नाही तर हलगी वाजवून गावाला ऐकवायचं. वहाणा करकरत हंबीरराव गल्लीत शिरले की माणसं दारं लावून घ्यायची. आता निवृत्तीनंतर हा खणखणीत आवाज करायचा काय? तर लेक क्रांती वकील झाली होती. क्रिप्टोच्या कायद्याबद्दल लोकांना विचारता यावं म्हणून तिने फोनवर दोन ग्रुप काढले होते. एक उघडा. कर किती, नोटीस आली तर काय करायचं, कुणीही विचारावं, हजारोंनी वाचावं. दुसरा बंद. ज्याच्या अंगाशी आलंय तो तिथे टोपणनावाने बोलणार. उघड्या ग्रुपमध्ये घुसणारे भामटे हाकलायला तिने बापाला ॲडमिन केलं होतं; बंद ग्रुपही त्यांना दिसायचा.

“आबा, एवढंच ध्यानात ठेवा. बाहेर कायदा, आत माणूस. आतलं नाव बाहेर जाता कामा न्हाय,” असं तिने बजावलं होतं.

“अगं, कायदा चावडीवरच बोलावा. झाकलं की संशय येतोय,” हंबीरराव म्हणायचे. तो बंद ग्रुप त्यांना मनातून कधी पटलाच नाही.

जोतीरामचं प्रकरण आतलं. त्याने आपल्याजवळचे क्रिप्टोचे कॉइन कुणाला तरी विकले. घेणाऱ्याने पाठवलेली रक्कम फसवणुकीतली निघाली आणि परराज्यातल्या पोलिसांनी जोतीरामचं खातं गोठवलं. घेणारा कोण हे त्याने पाहिलं नाही, एवढाच त्याचा दोष. क्रांतीने उत्तर तयार केलं आणि कोर्टात जाताना त्याचं नाव-गाव असलेला छापील कागद बापाच्या हातात दिला. “तो आतल्या ग्रुपवर येईल, त्याला सही करायला बोलवा,” म्हणाली. पण जोतीराम आलाच नाही. त्याचा नंबर क्रांतीकडे आणि क्रांतीचा फोन बंद. गुडघा ठणकत होता, कळंब्यापर्यंत स्कूटर काढायचं जिवावर आलं होतं. मग जुनं डोकं जुन्याच वाटेने गेलं. पक्षकार सापडत नाही? दे उघड्या ग्रुपवर दवंडी!

मोठं काम फत्ते केल्यासारखे ते चहा पीत बसले. अर्धा कप झाला नसेल तोच फोन वाजला.

“आबा! हे काय केलंसा? काढा आधी ते!”

“अगं, मुदत टळली असती की...”

“त्याच्या बायकोला सुद्धा म्हाईत नव्हतं! सचिव हाय तो. गावाला वाटणार, संस्थेचंच पैसे घातलं ह्यानं. कुणीतरी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकलाय.” क्रांती थांबली. “त्याचा फोन लागत न्हाय, आबा.”

हंबीररावांनी कप खाली ठेवला. मेसेज पुसला खरा, पण एकदा वाजलेली हलगी कधी कुणाला परत घेता आली आहे?

गुडघाबिडघा विसरून त्यांनी कागद खिशात घातला आणि स्कूटर काढली. कळंब्याच्या तळ्याच्या कडेने जाताना पाण्याकडे बघवेना. काठावर एक चप्पल पडलेली दिसली. गाडी तशीच टाकून ते खाली धावले. धुणं धुणाऱ्या बाईची चप्पल होती ती. बाई त्यांच्याकडे बघतच राहिली.

घर कुणाला विचारावं लागलं नाही. दारात ही गर्दी! संध्याकाळचं दूध घालायला निघालेली माणसं किटल्या घेऊनच आली होती. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. घाम त्यांचा होता.

“आमच्या दुधाचा पैसा कुठं घातलास? भाईर ये की!”

जोतीरामची आई धोंडुबाई उंबऱ्यात दोन्ही हात आडवे लावून उभी होती. “माझ्या लेकानं कुणाची दमडी खाल्ली न्हाय रं!”

“मावशी, मी क्रांती वकिलाचा बाप. जोतीराम कुठं हाय?”

“आतल्या खोलीत, पावणं. कडी घालून बसलाय. सून हाका मारून दमली. हूं न्हाय की चूं न्हाय.”

बंद दारं हंबीररावांना नवी नव्हती. अशा दारांवर थाप मारून त्यांनी भल्याभल्यांना बाहेर काढलं होतं. आज हात उचलेना. दाराशी बसलेली जोतीरामची बायको बाजूला सरकली, आणि ते गुडघा धरत खाली बसले.

“जोतीराम, कागद आणलाय. सही तेवढी कर, बाबा.”

त्यांनी तोंड दाराच्या फटीजवळ नेलं आणि आवाज उतरवला.

“नाव मी टाकलं. चुकलं माझं.”

आत कुणीतरी हललं. जिवंत होता माणूस! हंबीररावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“हळू का बोलताय?” आतला आवाज कोरडा ठणठणीत होता. “नाव टाकताना साऱ्या जगाला ऐकवलंसा. आनि माफी मातूर दाराआड व्हय?”

त्यांनी कागद आणि पेन दाराखालून आत सरकवलं आणि भिंतीला धरून उठले.

ओट्यावर येऊन ते उभे राहिले. जन्मभर दुसऱ्यांची नावं पुकारली त्याच आवाजात ओरडले, “ऐका! मी हंबीरराव यशवंत मोहिते, रिटायर बेलीफ. जोतीरामचं गोठलंय ते त्याचं सोताचं खातं. संस्थेचा त्यात काय संबंध न्हाय. कागद मी वाचलाय. त्यानं इस्वासानं आत सांगितलेलं मी भाईर फोडलं. संस्थेचा हिशेब उद्या सगळ्यांनी बसून तपासा. पर दारात आरडायचं असंल तर माझ्या दारात या!”

एकाने मोबाइल वर धरून सगळं टिपलं होतं. हंबीरराव त्याच्याकडे वळले. “टाक गावच्या ग्रुपवर. नावासकट टाक.”

“बोलायला काय जातंय?” मागून कुणीतरी म्हणालं. दोघा-तिघांनी किटल्या उचलल्या आणि खाली मान घालून निघून गेले. बाकीचे हलले नाहीत.

ते आत आले तेव्हा कागद दाराखालून अर्धा बाहेर आला होता. खाली सही, नीट वळणदार.

“कडी काढ की, जोतीराम.”

“कागद न्या. मुदत टळंल.”

त्यांनी कागदाचा फोटो काढून एकट्या क्रांतीला पाठवला आणि कागद खिशात घातला. समन्सची बजावणी झाली की मोठ्याने तसं सांगून निघायची त्यांची रीत होती. आज ओट्याखाली काढलेल्या करकरत्या वहाणा त्यांनी हातात घेतल्या आणि उरलेल्या माणसांमधून अनवाणी, आवाज न करता, स्कूटरकडे चालत गेले.