टिंबांची सही

अंध मंडळाचा डोळस चिटणीस म्हणून अर्ज लिहिण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असा माझा तोरा होता. १९८१ साल, अपंग वर्ष. साहेबलोक आमच्याकडे येऊन हार घालून घ्यायचे. त्याच वर्षी सदर भागातल्या एका कार्यालयानं आमच्या गोपिकाला टेलिफोन ऑपरेटरच्या मुलाखतीच्या दारातूनच परत पाठवलं. आंधळी बाई बोर्ड काय पाहणार, म्हणाले. गोपिका जन्मापासून आंधळी, पण मॅट्रिक पास, आणि मंडळात बोर्ड चालवायला इतरांना तीच शिकवायची.

मी मंडळाच्या लेटरहेडवर, 'मॅट्रिक पास उमेदवार' असं ठासून लिहून, माझ्या सहीनं सरकारच्या तक्रार कचेरीत तक्रार ठोकली. महिन्याभरानं ती जशीच्या तशी परत आली. तावातावानं विचारायला गेलो, तर तिथला बाबू म्हणाला, "अन्याय मंडळावर झाला का पोरीवर? मंडळाले नोकरी पाहिजे काय? तिच्या सहीचा अर्ज आणा. तक्रारीची उद्या शेवटची तारीख आहे."

दुसऱ्या दिवशी गोपिकाला घेऊन गेलो. मॅट्रिकच्या प्रमाणपत्राची नक्कल जोडली. तिनं पिशवीतून ब्रेलची पाटी आणि टोचणी काढून अर्जाखाली आपलं नाव टोचलं. बाबूनं कागद उजेडात धरला.

"हे भोकं नाही चालत. अंगठा लावा."

"मी मॅट्रिक आहो," गोपिका म्हणाली. "अंगठा नाही लावत."

तिची आई जन्मभर अंगठा लावत आली होती, आणि त्याच चिडीनं तिनं पोरीला शिकवलं होतं. मला हे ठाऊक होतं. तरी मी भडकलो, कारण पाच वाजत आले होते.

"नोकरी पाहिजे का हट्ट पाहिजे वं तुले?" म्हणालो, आणि तिचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर मीच दाबला. तिनं हात सैल सोडला.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. मी पाकीट फोडलं आणि मजकूर मनातच वाचला.

"वाचा ना भाऊ. काहून थांबले?"

खोटं वाचावं असं मनात आलं, पण जमलं नाही. 'अर्जावर अंगठा असल्याने अर्जदार निरक्षर असल्याचे दिसते. पदासाठी मॅट्रिक आवश्यक. तक्रार निकाली.' नक्कल कोणी उलटूनसुद्धा पाहिली नव्हती.

मला रडू आलं. तिला कळू नये म्हणून मी आवाज दाबला. ती पदरानं अंगठा पुसत होती. शाई तर केव्हाच गेली होती.

"तुमच्या सहीवर तरी मी मॅट्रिक होती, भाऊ," ती म्हणाली.