पडतं कुणी घ्यायचं

लिलाव म्हटलं की लोकांना वाटतं, भाव चढत जाणार. आमचा उलटा असतो. कंपनीला माल हवा असतो. आम्ही पाच-सहा कारखानेवाले आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसतो आणि एकमेकांपेक्षा भाव खाली खाली आणत राहतो. वेळ संपते तेव्हा ज्याचा भाव सगळ्यात खाली, त्याला वर्षाची ऑर्डर. म्हणजे जो जास्त पडला तो जिंकला. हे ज्या शहाण्यानं शोधून काढलं, त्याला मला एकदा मे महिन्यात आमच्या गोरव्याच्या शेडमध्ये दुपारभर बसवायचंय.

शेड आमची, म्हणजे अर्धी. सासरे प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. निवृत्त झाले तेव्हा आलेल्या पैशांतून त्यांनी दोन्ही मुलांना मिळून ही शेड आणि चार लेथ घेऊन दिले. थोरला श्रीकृष्ण, माझा नवरा. धाकटा उन्मेष. तीन वर्षांपूर्वी भाऊ वेगळे झाले, लेथ दोन-दोन वाटून घेतले आणि शेडच्या मधोमध भिंत उठली. कारण विचारू नका. मला नीट सांगता येत नाही, आणि सांगायला लागले की डोकं दुखतं. त्या दिवसापासून ‘तिकडे कुणी फोन करायचा नाही’ असा आमच्या घरात कायदा आहे. कायदा ह्यांचा, पाळायचा मी. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, नलिनी, तू पडतं घे. संसारात एकानं पडतं घ्यावं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि तो एक म्हणजे नेहमी मीच असायची.

भिंत एका विटेची आहे. पलीकडे कुणी शिंकलं तरी इकडे ऐकू येतं.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, टेन्शन नको. कारखानेवाल्या माणसाला टेन्शन नको म्हणणं म्हणजे माशाला पाणी नको म्हणण्यासारखंच. तरी मी लिलावाचं बटण त्यांच्या हातातून काढून घेतलं. लिलावाच्या दिवशी ते बाहेर लिंबाखाली स्टुलावर बसतात आणि खिडकीतून मला विचारतात, किती झालं? उंटावरून शेळ्या हाकणं त्यांना आधीपासून छान जमतं.

यंदा हाकण्यासारखं फार नव्हतंच. गनमेटलच्या बुशांची, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या धातूच्या कड्यांची ऑर्डर होती, वर्षभराची. आदल्या रात्री जेवताना ह्यांनी बजावलं होतं, दोनशे पस्तीसच्या खाली जायचं नाही. माल, मजुरी, लाइटबिल सगळं धरून एका बुशाला दोनशे पस्तीस पडतात. त्याच्याखाली गेलं की प्रत्येक बुशामागं पदरचे घालायचे. ऑर्डर नाही मिळाली तर आम्हांला दोनांतला एक लेथ विकावा लागणार होता. तळाच्या खाली जाऊन मिळाली असती, तर वर्षाअखेर दोन्ही. मी म्हटलं, कळलं हो, लहान आहे का मी? ते म्हणाले, तसं नाही, शेवटच्या मिनिटाला भल्याभल्यांचं डोकं फिरतं.

ते खरं आहे. ही कंपनी वेळ वाढवून देत नाही. घड्याळ थांबलं की संपलं. त्यामुळे पहिली पन्नास मिनिटं सगळे भजनाला बसल्यासारखे गप्प असतात. लवकर भाव टाकला तर समोरच्याला आपला हात दिसतो. आकडा लिहून ठेवायचा, बोट बटणावर ठेवायचं आणि शेवटच्या क्षणाची वाट बघायची. समोरच्याला उत्तर द्यायला वेळच उरू नये, एवढीच त्यातली अक्कल. आणि ऐन वेळी नेट अडकलं तर आपलीच फजिती.

कोण किती भाव टाकतो ते दिसतं, नाव दिसत नाही. पण उन्मेषचा आकडा मला लगेच ओळखू येतो. मी लग्न होऊन आले तेव्हा तो नववीत होता. नातेवाइकांच्या लग्नांत आहेराची पाकिटं आम्ही दोघं भरायचो. पाकिटातला आकडा शून्यावर संपवू नये, वर शकुनाचा एक रुपया ठेवावा, हे त्याला मीच सांगितलं. तो इतकं पक्कं शिकला की आता भाव पाडतानाही वर एक ठेवतो. दोनशे एकसष्ट, दोनशे एकावन्न, असा दहाच्या पायऱ्यांनी उतरतो. आणि आणखी एक खोड आहे त्याची. स्वतः सगळ्यात खाली असला तरी शेवटी आणखी एकदा उतरतो. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणारी माणसं असतात ना, तसा.

त्या दिवशी शेवटची पाच मिनिटं उरली आणि आकडे हलायला लागले. दोनशे साठ. दोनशे छप्पन्न. मग दोनशे एकावन्न आलं, म्हणजे उन्मेष आला. मी दोनशे पन्नास टाकलं. त्यानं दोनशे एक्केचाळीस केलं. बाकीचे तिथंच गळले. मी दोनशे चाळीस टाकलं आणि घाम पुसला.

खिडकीतून आवाज आला, “किती झालं?”

“आपण खाली आहोत. बोलू नका.”

माझ्या हातात अजून पाच रुपये होते. त्याच्या हातातही तेवढेच. यंत्रं तीच, माल देणारा व्यापारी तोच, मजुरीही तीच, तेव्हा त्याचा तळ माझ्यापेक्षा वेगळा कुठून असणार? पण त्याला दहाची पायरी आणि वर एक, ही सवय. पडद्यावर दोनशे एकतीस आलं.

मी बोट बटणावरून काढून घेतलं. संपलं होतं. आता आमचा एक लेथ जाणार, हे समजलं आणि खरं सांगते, पहिल्यांदा मला हलकंच वाटलं. पुढचं वर्षभर कमी धूळ, कमी आवाज, पगाराच्या दिवशी कमी बोलणी.

मग त्याचा हिशेब माझ्या डोक्यात आला. दोनशे एकतीस म्हणजे बुशामागं चार रुपये पदरचे. ओव्हरटाइम करील, घरी काटकसर करील, ओढत-ताणत वर्ष काढील. पण अजून दीड मिनिट बाकी होतं, आणि मला माहीत होतं की तो शेवटी पुन्हा उतरणार. त्याला वाटणार, वहिनी टपून बसली असेल, दोनशे तीस टाकील. म्हणून तो दोनशे एकवीस करणार. बुशामागं चौदा गेले तर हा माणूस दिवाळीसुद्धा बघत नाही.

लिलाव चालू असताना समोरच्याशी बोलणं नियमात बसत नाही, मला माहीत आहे. घरातला कायदाही माहीत आहे. खड्ड्यात गेले दोन्ही. ज्याच्या डब्यात मी पाच वर्षं पोळ्या भरल्या, त्याला डोळ्यांदेखत बुडताना बघत बसू का मी? मला एवढंच सांगायचं होतं की बाबा, मी थांबलेय, मी आणखी खाली येत नाही, तू आहेस तिथंच राहा.

मी फोन लावला. भिंतीपलीकडे त्याची रिंग वाजलेली मला इकडे ऐकू आली. दोनदा वाजली आणि बंद झाली. त्यानं कापला होता. मी पुन्हा लावला. पुन्हा वाजली, पुन्हा कापला. पडद्याकडे बघितलं तर दोनशे एकवीस.

घड्याळ थांबलं.

मला रडू आलं. त्याचा राग येऊन आलं की कीव येऊन, कुणास ठाऊक.  करायला गेले गणपती आणि झाला मारुती. फोन केला नसता तर कदाचित तो एकतीसवरच राहिला असता, हा विचार तेव्हा जो आला तो अजून जात नाही.

तेवढ्यात फोनवर मेसेज आला. ‘वहिनी, तीन वर्षांत एक फोन नाही, आणि आज शेवटच्या मिनिटाला दोन? माझं लक्ष उडवायला? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ तुमच्याकडून म्हणे. पूर्वी मला अगं-तुगं करायचा.

हे आत आले. माझा चेहरा बघून त्यांना कळायचं ते कळलं. पाण्याचा ग्लास भरून त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि समोरच्या खोक्यावर बसले.

“गेली ना? जाऊ दे. कुणाला मिळाली?”

“उन्मेषला.”

“कितीला?”

सांगावं की नाही असं मला एक क्षण वाटलं. डॉक्टर, स्प्रिंगा, सगळं आठवलं. पण आज ना उद्या कळणारच होतं.

“दोनशे एकवीस.”

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, अर्ध्यात सोडलं. पलीकडे अजिबात आवाज नव्हता. ऑर्डर मिळाली की माणसं हसतात-बोलतात, चहा मागवतात. त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्यालाही एव्हाना हिशेब लागला असणार.

“मरेल तो,” हे म्हणाले. “दोन्ही लेथ जातील त्याचे.” मग माझ्यावरच उखडले. “तुला दिसत होतं ना सगळं? एक फोन करायचास त्याला.”

तीन वर्षं. तीन वर्षं ह्यांच्या शब्दाखातर मी त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला फोन केला नाही, तो डेंग्यूनं पडला तेव्हा केला नाही. माझ्या तोंडाशी खूप काही आलं होतं. भांडायला मात्र अंगात जोर नव्हता.

“केला होता,” मी म्हटलं. “दोनदा. त्यानं कापला.”

“का?”

मी मेसेज उघडून फोन त्यांच्या हातात दिला. चष्मा बाहेर राहिला होता, म्हणून त्यांनी फोन लांब धरून मेसेज वाचला. परत वाचला.

“त्याला असं वाटलंच कसं?” मी म्हटलं. “इतकी वर्षं ओळखतो मला. मी असला डाव खेळीन? माझ्याबद्दल हे येतंच कसं त्याच्या मनात?”

“तुझ्याबद्दल नाही आलेलं ते.”

“मग?”

त्यांनी फोन टेबलावर उपडा ठेवला. माझ्याकडे बघत नव्हते.

“एकत्र होतो तेव्हाची गोष्ट. मकरपुऱ्याचे हार्दिकभाई असायचे ना आपल्यासमोर लिलावात, त्यांना शेवटच्या मिनिटाला मी फोन लावायचो. केम छो हार्दिकभाई, तबियत सारी ने, घरे बधा मजामां ने. भला माणूस, उत्तरं देत बसायचा.”

“आणि?”

“आणि उन्मेष बटण दाबायचा.”