चौदा दिवसांचं पाणी

अभिमनआप्पांनी खिशातला खिळा काढला, उकिडवे बसले आणि मिरची वाळवायच्या आवारातल्या नव्याकोऱ्या कोब्यावर एक रेघ ओढली. रेघ पांढरी उमटली आणि तिच्यातून भुकटी निघाली. ती बोटावर घेऊन त्यांनी शकीलमिस्त्रींच्या नाकासमोर धरली.

“हाई काय शे, मिस्तरी? यावर मी मिरची वाळाले टाकू? या भुकटीमा बठ्ठी भुरी व्हई जाई!”

शकीलनी ती भुकटी चिमटीत चोळून पाहिली. दोंडाईच्याच्या मिरची बाजारात आप्पांचा शब्द चालायचा. हा कोबा चांगला निघाला असता तर आणखी तीन व्यापारी राखेचा कोबा करून घेणार होते. वीज केंद्रातली राख सिमेंटात मिसळायची कल्पना तशी शकीलची नव्हतीच. ती कहकशाची, त्यांच्या नववीतल्या मुलीची. तिनेच वही उघडून, हात नाचवत आप्पांना पटवलं होतं. सिमेंट कमी लागतं, भट्ट्यांचा धूर कमी होतो, राखेचे डोंगर हलतात आणि कोबा उलट जास्त टिकतो!

“राख शेवटी राखच ना,” आप्पा म्हणाले. “बाजारमा काय सांगू मी? शकीलनी भेसळ करी?”

भेसळ म्हटल्यावर शकीलनी मान खाली घातली. कहकशा फाटकाशी उभी होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

कोबा टाकला त्याच आठवड्यात आप्पा सुरतेला लेकीकडे गेले आणि शकील शिंदखेड्याच्या कामावर. कोब्याला रोज पाणी मारायला फाटकाची किल्ली कहकशाकडे आली. साध्या कोब्याला सगळे सात दिवस पाणी मारतात. राखेचा कोबा सावकाश घट्ट होतो, त्याला चौदा दिवस लागतात. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. धुळ्याच्या विज्ञान प्रदर्शनातल्या तिच्या तक्त्यावर ते लाल शाईत होतं. तो तक्ता पाठ करण्याच्या नादातच आठव्या दिवशी ती इकडे फिरकली नाही. नवव्या दिवशी सजावट होती. मग धुळे, मग दुसरा क्रमांक, मग मैत्रिणींना पेढे. ‘सात दिवस तर झालेत,’ किल्ली दप्तरात टाकताना ती रोज स्वतःला सांगायची.

“फोडून देतो, आप्पा,” शकील म्हणाले. “नवा करून देतो, निव्वळ सिमेंटचा. राखेचं नाव नाही काढणार परत.”

“अब्बू, नको!”

दोघंही वळले.

“राखेचा दोष नाहीये. पाणी मीच मारलं नाही. शेवटचे सात दिवस.”

आप्पा तिच्याकडे बघून चक्क हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले,

“देखं का, मिस्तरी? खोटं बोलनी, पन बापकरता बोलनी. गुनी पोर शे तुन्ही! जाऊ दे. नवा कोबा कर. बाजारमा मी तोंड नही उघडत.”

चपला फटफटवत ते बाहेर पडले.

सगळं मिटलं होतं. आता तिने फक्त गप्प बसायचं होतं. शकीलनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला.

“खरं?”

तिने होकारार्थी मान हलवली.

“मी त्यांना फोनवर सांगत होतो, पोरगी रोज पाणी मारतेय म्हणून,” ते एवढंच म्हणाले आणि घण आणायला उठले.

कहकशा फाटकाबाहेर धावली.

“आप्पा! थांबा ना!”

आप्पा वळले, तेच कौतुकाचं हसू घेऊन. तिने एकेका दिवसाचं सांगायला सुरुवात केली, कुठल्या दिवशी ती कुठे होती, काय करत होती. ते हसू विरेपर्यंत ती बोलत राहिली.